संडे स्कूलमध्ये नम्रता आणि क्षमा शिकवताना: खेड्यातल्या नव्या शिक्षकांसाठी

गावच्या ख्रिस्ती मंडळीत संडे स्कूल, म्हणजे मुलांचा रविवारचा बायबलचा वर्ग, घ्यायची जबाबदारी बहुतेक वेळा नुकत्याच बारावी झालेल्या एखाद्या ताईवर, नाहीतर पाळकांच्या (मंडळीच्या धर्मगुरूंच्या) घरातल्या कोणावर तरी येते. समोर तीन ते बारा वर्षांची पंधरा-वीस पोट्टी, एक चटई, एक फळा. दावीद आणि गल्याथाची गोष्ट सहज सांगता येते, गाणीही येतात. पण नम्रता आणि क्षमा हे विषय आले की धडा उपदेशावर येतो: नम्र राहा, भांडू नका, माफ करा. मुलं एका सुरात "हो" म्हणतात आणि दारातून निघताना चपलेवरून एकमेकांना ढकलतात. त्यात मुलांची चूक नाही. हे दोन गुण ऐकून येत नाहीत, हातापायांनी करून येतात. म्हणून खाली चार रविवारांचा क्रम दिला आहे. सोबत काय लागेल, किती लागेल आणि कुठे बिघडतं तेही आहे.

आधी तुमच्या मनात अर्थ स्पष्ट करा

नम्रता म्हटलं की मुलांना मान खाली घालून, हात जोडून उभं राहिलेलं माणूस आठवतं. विदर्भातल्या आपल्या बऱ्याच मंडळ्यांमध्ये अशी घरं आहेत, ज्यांच्या आज्या-पणज्यांना जातीमुळे वाकून, चपला हातात घेऊन चालावं लागलं. त्या घरातल्या मुलाला आपण "खाली बघून राहा" हीच शिकवण येशूच्या नावानं दिली, तर आपण त्याला जुनंच ओझं परत देतो. ती लाचारी झाली.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो, त्याआधीचं तिसरं वचन नीट वाचा. आपण देवापासून आलो आणि देवाकडे जातो, हे येशूला माहीत होतं. हे माहीत असताना तो जेवणावरून उठला आणि कमरेला रुमाल बांधला. फिलिप्पैकरांस पत्राच्या २ ऱ्या अध्यायातही हाच क्रम आहे: आधी उंची, मग उतरणं. ज्याला आपली किंमत ठाऊक आहे तोच मनापासून खाली बसू शकतो. म्हणून मुलांना आधी त्यांची किंमत सांगायची आणि नम्रतेकडे नंतर वळायचं. हा क्रम उलटा करू नका.

क्षमेसाठी प्रभूच्या प्रार्थनेतला शब्द धरा. मत्तयाच्या ६ व्या अध्यायात ऋण आणि ऋणी हे शब्द आहेत. मुलं प्रार्थना घडाघडा म्हणतात, पण ऋण म्हणजे काय हे त्यांना कळत नाही, कारण घरी कोणी हा शब्द वापरत नाही. घेतलेलं आणि परत न दिलेलं ते ऋण. ते सोडणं म्हणजे क्षमा. इथे एक गोष्ट मोठ्यांच्याही लक्षातून सुटते: ऋण सोडलं की नुकसान नाहीसं होत नाही, सोडणारा ते स्वतः उचलतो. तिसऱ्या रविवारचा पाठ यावरच उभा आहे.

कोणत्या वयाला काय

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला गोष्टीतला एकच प्रसंग पुरतो आणि बसून ऐकणं सात-आठ मिनिटांपलीकडे जात नाही. सहा-सात वर्षांपर्यंतचं मूल नुकसान किती झालं ते बघतं. मुद्दाम केलं की चुकून झालं, हे त्याच्या हिशेबात उशिरा येतं. चुकून चार कप फोडणारा त्याला मुद्दाम एक कप फोडणाऱ्यापेक्षा जास्त दोषी वाटतो. म्हणून या मुलांना "त्यानं मुद्दाम नाही केलं रे" एवढं सांगून भागत नाही, त्यांचा राग तेवढ्यानं जात नाही. आठ-नऊ वर्षांपासून मूल दुसऱ्याच्या मनात काय होतं याचा विचार करू लागतं आणि खरा संवाद तिथून होतो. दहा-बारा वर्षांची मुलं न्यायाचे प्रश्न विचारतील, आणि त्यांनी विचारायलाच हवेत.

एकच शिक्षक असेल तर गोष्ट सगळ्यांना एकत्र सांगा. कृतीच्या वेळी दोन गट करा: सात वर्षांखालचे आणि वरचे.

वेळ आणि हंगाम

पाठ ४५ मिनिटांचा धरा: गाणं ५, गोष्ट १०, कृती २०, बोलणं आणि प्रार्थना १०. चार रविवार सलग हवेत, म्हणून हंगाम बघून ठरवा. कापूस वेचणीच्या दिवसांत, म्हणजे दिवाळीच्या आसपासपासून जानेवारीपर्यंत, मोठी मुलं रविवारीही आईवडिलांसोबत वावरात असतात आणि निम्मा वर्ग रिकामा राहतो. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या सभागृहात सकाळी नऊनंतर बसवत नाही. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात. जुलै आणि ऑगस्ट हे या पाठांसाठी सगळ्यात चांगले महिने. पाय धुण्याच्या पाठाला लागणारा चिखलही तेव्हाच असतो.

पहिला रविवार: मूल मधोमध

या दिवशी नम्रता हा शब्दही काढू नका. मत्तय १८:१-४ सांगा. शिष्य विचारत होते की स्वर्गाच्या राज्यात सगळ्यात मोठा कोण, आणि येशूनं एका लेकराला बोलावून त्यांच्या मधोमध उभं केलं. त्या काळी मोठ्यांच्या बैठकीत लेकराला जागा नसायची, हे जरूर सांगा. आपल्याकडेही मोठी माणसं बोलत असली की पोरांना बाहेर पिटाळतात, त्यामुळे मुलांना हे लगेच समजतं.

मग कृती. एकेका मुलाला नाव घेऊन मध्ये उभं करा आणि त्यानं केलेलं एक चांगलं काम सांगा. यासाठी आधीचे दोन आठवडे वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक ओळ लिहून ठेवावी लागते. "हुशार आहे", "गोरीगोमटी आहे" असलं काही नको. "मागच्या रविवारी न सांगता चटई गुंडाळलीस", "लहान भावाला पाठीवर घेऊन नाला ओलांडलास" असं डोळ्यांनी पाहिलेलं हवं. पंधरा मुलांना १५ मिनिटं लागतात. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. पाळकांच्या किंवा सरपंचांच्या मुलाचं नाव पहिलं आलं आणि मजुराच्या मुलाचं शेवटी, तर पाठ तिथेच संपला. मुलांना हे आपल्याआधी दिसतं.

उरलेल्या वेळात पंगत घ्या. लूकाच्या १४ व्या अध्यायात येशू लग्नाच्या जेवणात मुख्य जागा धरणाऱ्यांविषयी बोलतो. पंगतीत पहिल्या वाढपात बसायची धडपड मुलांना चांगली माहीत आहे, त्यामुळे समजावून सांगायला फार काही लागत नाही. पंधरा मुलांना १ किलो पोहे पुरतात. शेंगदाणे घालणार असाल तर तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी वेगळे, बिनशेंगदाण्याचे पोहे काढून ठेवा. दाणा घशात अडकतो. वाढायचं काम अशांना द्या, जे एरवी सगळ्यात पुढे असतात. वाढणारे सगळ्यात शेवटी जेवतील.

इथे एक चूक जवळजवळ सगळीकडे होते. वाढायला, झाडायला, ताटल्या उचलायला मुलींना उभं करतात. मुली हे घरी रोजच करतात. त्यांना यातून नवं काही मिळत नाही, आणि मुलगे समजतात की सेवा हे बायांचं काम आहे. या दिवशी वाढणारे आणि ताटल्या धुणारे मुलगेच असू द्या. एखाद्या आजीनं "पोराले काहाले लावता भांडे घासाले" असं म्हटलं तर हसून सांगा की येशूनं स्वतः सांगितलं आहे, मी तुमच्यामध्ये सेवा करणाऱ्यासारखा आहे (लूक २२:२७).

दुसरा रविवार: पाय धुणं

लागणारं सामान: दोन बादल्या स्वच्छ पाणी (३० लिटर), एक लोटा, एक मोठं घमेलं, एक पाट आणि दर मुलाला एक याप्रमाणे सुती फडक्याचे तुकडे. जुनं धोतर किंवा लुगडं फाडून धुऊन घेतलं तरी चालतं. एका मुलाच्या दोन पायांना १ लिटरभर पाणी लागतं. घमेल्यात पाणी साठवून त्यात एकामागून एक पाय बुचकळू नका. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतात आणि त्या एकाच्या पाण्यातून, एकाच फडक्यातून दुसऱ्याला लागतात. लोट्यानं वरून धार धरा, पाणी घमेल्यात पडू द्या आणि दरवेळी ते ओता. कोणाच्या पायाला जखम असेल तर त्याचे हात धुवा.

आता या पाठातली खरी अडचण. पाय धुणं आपल्याकडे नवं नाही. पाहुणा आला की पाय धुवायला पाणी देतात. लग्नात मुलीचे आईवडील जावयाचे पाय धुतात. म्हणजे मुलांच्या डोक्यात पक्कं आहे की मानानं लहान असलेल्यानं मोठ्याचे पाय धुवायचे. अशा वेळी शिक्षकानं मुलांना "चला, एकमेकांचे पाय धुवा" असं सांगितलं, तर थोरला धाकट्याला बसवणार नाही आणि शेवटी सगळ्यात गरीब मूल सगळ्यांचे पाय धुताना दिसेल. गोष्टीच्या अगदी उलट चित्र होईल ते.

म्हणून पहिल्यांदा पाय शिक्षकानंच धुवायचे. मुलांना पाटावर बसवा, स्वतः जमिनीवर बसा आणि काही न बोलता सुरुवात करा. वर्गातल्या सगळ्यात लहान मुलापासून. जमलं तर पाळकांना त्या दिवशी बोलावून घ्या. मंडळीत ज्यांच्या पाया पडतात त्या माणसाला चिखलानं भरलेले पाय धुताना बघणं मुलं विसरत नाहीत. आपली काळी माती पायाला चिकटली की सहजी निघत नाही, बोटांमधून चोळून काढावी लागते. घाई करू नका, अगदी टाचेपर्यंत धुवा, मगच पुसा. दहा वर्षांवरच्या मुलींचे पाय ताईनंच धुवावेत. कोणाला नको असेल तर आग्रह नको.

काही मुलं पाय मागे घेतील, लाजेनं हसतील. तेव्हाच पेत्राचं सांगा: तोही म्हणाला होता, माझे पाय तू कधीही धुणार नाहीस. मुलाला कळतं की आपल्याला जे वाटलं तेच मोठ्या प्रेषितालाही वाटलं होतं. सगळ्यांचे पाय धुऊन झाल्यावर गोष्ट सांगा, आधी नाही. आधी गोष्ट सांगितली की मुलं नाटक बघायला बसल्यासारखी बसतात.

नऊ वर्षांवरच्या मुलांना एक प्रश्न विचारा: येशूला पकडून देणारा शिष्य यहूदा तिथे होता का? होता. येशूला माहीत होतं का तो काय करणार आहे? माहीत होतं. त्याचे पाय धुतले का? धुतले. यानंतर दोन मिनिटं शांत बसलात तरी चालेल. इथे क्षमेचा धागा सुरू होतो, तो पुढच्या रविवारी धरायचा.

घमेल्यातलं पाणी परसातल्या कढीपत्त्याला किंवा पपईला घालायला मुलांनाच सांगा. गावात टँकर येत असेल तर हा पाठ त्या वर्षी हातांवर घ्या, लोट्याच्या धारेऐवजी वाटीनं. पवित्र गुरुवारी मोठ्यांच्या उपासनेत पाय धुण्याचा विधी होत असेल, तर मुलांना त्या दिवशी पुढे बसवा. त्यांनी हे आधी केलेलं असल्यामुळे ती उपासना त्यांना आपली वाटते.

तिसरा रविवार: एक दाणा आणि अर्धं पोतं

मत्तय १८:२१-३५. पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? उत्तर येतं, साताच्या सत्तर वेळा. पाढे येणारी मुलं ४९० काढतील आणि कोणीतरी विचारेल, मग ४९१ व्या वेळी मारायचं का? प्रश्न चांगला आहे, रागावू नका. त्याला सांगा, मोजून बघ. पन्नासपर्यंत मोजेस्तोवर आपण मोजणं विसरतो, आणि येशूला तेच हवं आहे.

पुढच्या गोष्टीत राजा एका चाकराचं मोठं देणं सोडतो, आणि तोच चाकर बाहेर जाऊन आपल्या सोबत्याचं लहान देणं सोडत नाही. ही गोष्ट आकड्यांवर चालते, आणि नेमके आकडेच आपण गाळतो. मूळ ग्रीकमध्ये एका चाकराचं देणं १०,००० तालांत आहे आणि त्याच्या सोबत्याचं १०० दिनार. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची रोजी. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार. मोठ्या मुलांना फळ्यावर करू द्या: १०० दिनार म्हणजे १०० दिवसांची रोजी; रोजी ३०० रुपये धरली तर ३० हजार. दुसरीकडे ६ कोटी दिवसांची रोजी, म्हणजे १,८०० कोटी रुपये. वर्षाला ३०० दिवस काम केलं तरी फेडायला २ लाख वर्षं. "थोडा वेळ द्या, सगळं फेडतो" असं तो चाकर म्हणाला, ते किती पोकळ होतं हे मुलांना हिशेबातूनच कळतं. आणि १०० दिवसांची रोजीही काही कमी नाही, हेही बोलून दाखवा. दुसऱ्यानं आपलं केलेलं नुकसान खरंच असतं. येशू ते शून्य धरत नाही.

लहानांसाठी ज्वारी वापरा. या दोन देण्यांमध्ये एकास सहा लाख असं प्रमाण आहे. ज्वारीचे हजार दाणे साधारण ३० ग्रॅम भरतात, म्हणजे सहा लाख दाणे १८ किलोच्या आसपास. कोणाच्या तरी घरून १८-२० किलो ज्वारी पोत्यात आणा. प्रत्येकाच्या तळहातावर एक दाणा द्या. मग पोत्याचं तोंड उघडून प्रत्येकाला कोपरापर्यंत हात आत घालू द्या. "इतकं देवानं सोडलं. हा एक दाणा तुझ्या मित्राचा." एवढंच वाक्य पुरे आहे. दाणे मोजून परत पोत्यात टाका, ज्वारी ज्या घरची त्या घरी पोचवा. अन्न वाया गेलेलं मुलांसमोर दिसू नये. पाच वर्षांखालची मुलं दाणा नाकात-कानात घालतात, म्हणून त्यांच्या बाजूला एक मोठं माणूस बसवा.

सात वर्षांवरच्यांना आता कंच्यांचा (गोट्यांचा) खेळ. प्रत्येक जोडीत दोघांना पाच-पाच कंचे. पहिला दुसऱ्याकडून दोन उसने घेतो आणि ते झाकणाच्या डब्यात टाकतो. गेले, परत मिळणार नाहीत. आता दुसऱ्याकडे किती? तीन. त्यानं भांडण केलं तर किती होतील? तीनच. त्यानं "सोडले" म्हटलं तर? तरीही तीनच. मुलं इथे अडतात, आणि हाच क्षण महत्त्वाचा आहे. बरीच मुलं समजून बसलेली असतात की माफ केलं की सगळं पहिल्यासारखं होतं. मग माफ करूनही दुखत राहिलं की त्यांना वाटतं, आपण नीट माफ केलं नाही. कंचे दाखवून सांगा: सोडणाऱ्याचे दोन कंचे खरंच जातात. येशूनं वधस्तंभावर आपलं ऋण सोडलं तेव्हा त्याचंही खरंच गेलं. लहानांना खिळे-रक्ताचं वर्णन करू नका; "त्यानं ते स्वतःवर घेतलं" एवढं त्यांना समजतं.

या पाठात दोन गोष्टी सांभाळा.

एक, घरची कर्जं. किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीचं उदाहरण चटकन सुचतं, पण ते वापरू नका. कापूस-सोयाबीनच्या आपल्या पट्ट्यात बँकेच्या नोटिशीचा किंवा सावकाराचा ताण अनेक घरांत आहे, आणि काही मुलांनी त्यापायी वडील गमावले आहेत. "तुमच्या घरी कोणाचं देणं आहे?" हा प्रश्न वर्गात कधीही विचारू नका. कंचे, खोडरबर, पेन्सिल, सायकलची फेरी: देणं मुलांच्याच जगातलं असू द्या. चाकराची बायको-मुलं विकायचा हुकूम आणि शेवटचा तुरुंग हे भाग नऊ वर्षांखालच्यांना सांगायची गरज नाही.

दुसरी, भीती. एखादं मूल विचारेल, मी माफ केलं नाही तर देव मला टाकून देईल का? देवानं आधी सोडलं, मग मागितलं, हा गोष्टीतला क्रम त्याला परत दाखवा. आणि म्हणायला एक प्रार्थना द्या: "प्रभू, मला अजून माफ करता येत नाही. मला मदत कर." ही प्रार्थना खरी आहे, आणि मुलांना ती लगेच पाठ होते.

चौथा रविवार: जक्कय

चौथा पाठ सोपा आहे, कारण मुलांना ही गोष्ट आधीच आवडते: लोकांना लुबाडणारा बुटका जकातदार जक्कय येशूला बघायला झाडावर चढतो. लूकाच्या १९ व्या अध्यायातलं झाड उंबराच्या कुळातलं आहे. गावातल्या उंबराखाली बसून गोष्ट सांगितलीत तर उत्तम. भर शेवटावर द्या. येशू त्याच्या घरी गेला आणि मग जक्कय म्हणाला, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देईन. क्षमा मिळाल्यावर भरपाई आली. ती क्षमेची किंमत नव्हती, पण ती आली. मुलांना विचारा: दोन पेन्सिली चोरल्या तर चौपट किती? आठ. मग प्रत्येकाला मनात एक गोष्ट ठरवू द्या, जी त्याला कोणाला तरी परत द्यायची आहे, आणि आठवडाभरात ती द्यायला सांगा. सगळ्यांसमोर कबुली घेऊ नका. कॅथलिक मुलांची पहिल्या पापकबुलीची तयारी चालू असेल, तर हा पाठ त्याआधी घेतलेला चांगला.

खरं भांडण झालं तर

चार रविवारांपेक्षा जास्त शिकवणारी पाच मिनिटं ही असतात. वर्गात मारामारी झाली की पुढच्या क्रमानं जा.

दोघांना वेगळं करा, पाणी द्या, तीन-चार मिनिटं बसू द्या. रडणाऱ्या मुलाच्या कानात काहीच शिरत नाही. मग ज्याचं नुकसान झालं त्याला आधी बोलू द्या, आणि प्रश्न एकच: "तुझं काय गेलं?" वही फाटली, दुखलं, सगळ्यांसमोर नाव ठेवलं, जे असेल ते. नुकसानाला नाव मिळालं नाही तर सोडायचं काय, हेच मुलाला कळत नाही.

मग दुसऱ्यानं आपण काय केलं ते एका वाक्यात सांगायचं, आणि त्यात "पण" नको. "मी ढकललं, पण त्यानं आधी..." आलं की थांबवा आणि पुन्हा म्हणायला सांगा. त्याचीही तक्रार असेल तर ती नंतर, वेगळी ऐका. पुस्तकी भाषेचा हट्ट धरू नका. "माह्यं चुकलं, म्या तुही वही फाडली" हे "मला क्षमा कर" पेक्षा कितीतरी खरं आहे. मेळघाटातली कोरकू मुलं किंवा गडचिरोलीकडची गोंडी बोलणारी मुलं असतील, तर त्यांच्या बोलीतच म्हणू द्या.

त्यानंतर भरपाई: फाटलेलं पान चिकटवणं, सांडलेलं भरणं. आणि शेवटी विचारणं, "मला माफ करशील?" इथे दुसऱ्या मुलाला "अजून नाही" म्हणायची मोकळीक हवी. नव्या शिक्षकांना हे सगळ्यात जड जातं. दोघांनी हात मिळवल्याशिवाय घरी जाऊ नये असं वाटतं. पण जबरदस्तीनं म्हणवून घेतलेलं "माफ केलं" हे मुलाचं पहिलं खोटं धार्मिक वाक्य ठरतं. पुढच्या रविवारी त्याला एकट्याला परत विचारा. बहुतेक वेळा तोवर ते दोघं एकत्र खेळत असतात.

"जाऊ दे" या शब्दाकडेही लक्ष ठेवा. मराठीत हे क्षमेसारखं ऐकू येतं, पण बऱ्याचदा त्याचा अर्थ "मला यावर बोलायचं नाही" असा असतो. एकदा विचारा: "सोडलंस, की मनात ठेवलंस?" एकदा मिटलेलं भांडण तुम्ही स्वतः परत कधीही काढू नका, कौतुकासाठीसुद्धा नाही.

जिथे क्षमेचा पाठ थांबवायचा

मूल सांगत असेल की कोणी मोठं माणूस त्याला मारतं, नको तिथे हात लावतं, घाबरवतं, तर त्याला "माफ कर" असं सांगू नका. त्या दिवशी नाही, आणि तुमच्या तोंडून तर नाहीच. ऐकून घ्या, "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही" असं म्हणा, आणि चाइल्डलाइनला १०९८ वर फोन करा. लैंगिक अत्याचार असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे; मंडळीतला वडील माणूस असो की नात्यातला, घरात मिटवून टाकता येत नाही. येशूनं लेकराला मधोमध उभं केलं, त्याच अध्यायात, अगदी चार वचनांनी पुढे, लहानांना अडखळण आणणाऱ्यांविषयी त्याचे सगळ्यात कडक शब्द आहेत.

शाळेत रोज कोणी छळत असेल तर क्षमा आणि संरक्षण दोन्ही लागतात. गुरुजींना सांगणं हे क्षमेच्या विरोधात नाही. ज्याला भावांनी विकलं होतं त्या योसेफानं भावांना मिठी मारण्याआधी ते बदलले आहेत का हे तपासून पाहिलं. उत्पत्तीचे ४२ ते ४४ हे अध्याय त्यातच गेले आहेत.

घरच्यांना सोबत घ्या

चारही रविवारांचा आशय आईवडिलांना आधी सांगून ठेवा. धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) दोन भाऊ वर्षानुवर्षं बोलत नसतील आणि त्यांची मुलं तुमच्या वर्गात शेजारी बसत असतील, तर मूल घरी जाऊन विचारणारच: "बाबा, तुम्ही काकांशी का बोलत नाही?" ती वाट पाळकांनी दाखवायची आहे. तुम्ही वर्गात त्या घराचं उदाहरण घेऊ नका, मुलाला निरोप्या करू नका. शेजारची ख्रिस्ती नसलेली मुलं येत असतील तर त्यांच्या आईवडिलांना भेटून, काय शिकवतो हे सांगून परवानगी घ्या, आणि खाऊ सगळ्यांना सारखाच द्या.

नम्र वागल्याबद्दल बक्षीस किंवा "या महिन्याचं नम्र मूल" असा तक्ता लावू नका. दोन आठवड्यांत मुलं नम्रतेतही पहिला नंबर काढायला लागतात. त्याऐवजी पहिल्या रविवारची वही चालू ठेवा, दर मुलामागे महिन्याला एक ओळ.

आणि तुमचं स्वतःचं चुकलं, आवाज चढला, भलत्याच मुलाला शिक्षा झाली, तर ती पुढच्या रविवारची पहिली पाच मिनिटं. सगळ्यांसमोर ओरडला असाल तर सगळ्यांसमोरच. मुलाच्या उंचीला येऊन बसा. "मागच्या रविवारी मी तुला रागावले. गडबड तू केली नव्हतीस. माझं चुकलं. मला माफ करशील?" मग थांबा. मूल लगेच बोलणार नाही, तुमच्याकडे बघत राहील. "अजून नाही" म्हणायची मोकळीक त्यालाही आहे.